गॅस गेला कुठे?

गाडीच्या एसीचा गॅस घरच्या घरी भरावा की भरू नये, हा प्रश्न पुण्या-मुंबईत हौसेचा असेल. नांदुऱ्यात मे महिन्यात तो रोजच्या जगण्याचा होतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो, आणि ज्यांचं घर एका तालुक्यात व नोकरी दुसऱ्यात, त्यांना भर दुपारी गाडी काढण्यावाचून गत्यंतर नसतं. माझी धाकटी बहीण बँकेच्या नोकरीसाठी रोज येरळीचा पूल ओलांडून जळगाव जामोदला जाते-येते. गाडी दहा वर्षांची, दुसऱ्याकडून घेतलेली. एसी थंड मारेनासा झाला तेव्हा तिने आर-१३४ए गॅसचा डबा, त्याला लावायची नळी आणि एक छोटं गेज मागवलं. आमचे मामा आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी तो डबा पाहिला आणि दोघांचं जुंपलं. दोघांचं म्हणणं मी होईल तितकं जसंच्या तसं लिहिलं आहे. मामा समजावताना पुस्तकी मराठी बोलतात आणि तापले की वऱ्हाडीत उतरतात, तेही तसंच ठेवलं आहे.

भाची : मामा, यात अवघड काय आहे? बॉनेट उघडायचं, जाड पाइपावरचं टोपण काढायचं, त्यावर नळी चढवायची, एसी चालू ठेवायचा आणि गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात येईस्तोवर गॅस सोडायचा. अमेरिकेत लोक स्पेअर पार्टच्या दुकानातून असे डबे आणतात आणि अंगणात उभं राहून भरतात. आपल्याकडे दुकानात दीड-दोन हजार मोजायचे, वर अर्धा दिवस गाडी तिथे ठेवायची. आणि दुकानवाला तरी वेगळं काय करतो? तोही असाच डबा लावतो.

मामा : गॅस भरायचा काहून?

भाची : कमी झाला म्हणून.

मामा : कमी झाला हे तुले कोनं सांगितलं?

भाची : थंड मारत नाही. आणखी कोणी काय सांगायला हवं?

मामा : पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, शिळा होत नाही. तो रहाटगाडग्यातल्या गाडग्यांसारखा आहे. गाडगी खाली जातात, भरून वर येतात, ओततात, पुन्हा खाली. इथे पाण्याच्या जागी उष्णता. गाडीच्या आतली उष्णता उचलायची, बाहेर नेऊन टाकायची आणि रिकामं होऊन परत आत यायचं. पाटाला पाणी कमी येऊ लागलं तर शेतकरी आधी बघतो, गाडगी फुटली का, बैल थकला का, की विहिरीनेच तळ गाठला. तू सगळं सोडून कुंभाराच्या घरी गेलीस.

भाची : गाडगी फुटलीच असतील. रबरी नळ्या, ओ-रिंगा, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील यातून थोडा थोडा गॅस झिरपतो, हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात. वर्षाला काही ग्रॅम जरी गेले तरी दहा वर्षांत फरक पडणारच. त्यात थोडी भर घातली तर बिघडलं कुठे?

मामा : थोडी म्हणजे किती?

भाची : हिरव्या पट्ट्यापर्यंत.

मामा : सगळी गोम इथेच आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर आहे, वाचलंस का? त्यावर गॅसचं नाव आहे आणि वजन आहे. लहान गाड्यांत साधारण साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम. कंपनी वजन सांगते, कारण वजनाशिवाय दुसरं काही खरं माप नाही. हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. बंद भांड्यात तो काही द्रव, काही वायू असा राहतो, आणि द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर त्याचा दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय, ४० अंशांना साधारण १३३. आत वाटीभर द्रव असो की चमचाभर, काटा तेवढाच दाखवणार. एसी बंद असताना लावलेलं गेज गॅस किती आहे हे सांगूच शकत नाही. फार तर पार संपला की नाही, एवढं सांगेल.

भाची : पण मी एसी चालू ठेवूनच बघणार आहे.

मामा : चालू असताना तो काटा ढीगभर गोष्टींनी हलतो. बाहेर ऊन किती, कंडेन्सरवर वारा किती, इंजिनाचे फेरे किती, ब्लोअर कितीवर, काचा उघड्या की बंद. ज्याने तो हिरवा पट्टा छापला त्याने नांदुऱ्याचा मे पाहिलेला नाही. चव्वेचाळीस अंशांत गॅस अगदी बरोबर असलेल्या गाडीचा काटाही पट्ट्याच्या वर जाऊ शकतो. आणि गॅस कमी असलेल्या गाडीचा काटा नेमका पट्ट्यात बसू शकतो. तू ज्याच्या भरवशावर हे करून राह्यली, त्याचाच भरवसा नाही.

भाची : समजा थोडा जास्त गेला. जास्त गॅस म्हणजे जास्त थंडावा, एवढंच ना?

मामा : उलट. कंडेन्सरमध्ये वायूचा द्रव होतो, त्याला नळ्यांत मोकळी जागा लागते. जास्तीचा द्रव तिथे साठून ती जागा अडवतो. दाब चढतो, थंडावा उतरतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. प्रेशर स्विच शहाणा असला तर कॉम्प्रेसर बंद पाडतो आणि तुला वाटतं गॅस अजून कमीच आहे. मग तू आणखी सोडतेस. तुझ्या डब्यात साडेचारशे ग्रॅम आहेत, म्हणजे लहान गाडीचा पूर्ण खुराक. आधीच पाऊण भरलेल्या गाडीत तो ओतला तर काय होईल, हिशेब कर. वर डबा उलटा धरला की वायूऐवजी द्रव कॉम्प्रेसरकडे धावतो. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. आतली व्हॉल्व्हची पत्ती तुटते.

इथे मामा थोडं थांबले आणि त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला त्या संध्याकाळचा सर्वांत कामाचा वाटला. या प्रश्नाला हत्यार लागत नाही, पैसा लागत नाही, आणि तो कोणत्याही गाडीवाल्याने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

मामा : येरळीच्या रस्त्याने गाडी पळत असते तेव्हा थंड लागतं का?

भाची : लागतं. बऱ्यापैकी लागतं. बाजारात गाडी उभी राहिली की मात्र गरम वारा सुरू.

मामा : मग गॅसचा संशय मागच्या बाकावर बसव. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सरमधून आपोआप जातो. उभी राहिली की ते काम पंख्याचं. पळताना थंड आणि उभी असताना गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा असा की उष्णता बाहेर टाकायची वाट अडली आहे. हायवेवर हनुमानाच्या १०५ फुटी मूर्तीपाशी मे महिन्यात बाहेरगावच्या गाड्या थांबतात. माणसं उतरून दर्शन घेतात, गाडी एसी लावून उभी. तिथल्या चहावाल्याला विचार, किती जण म्हणतात की आत्तापर्यंत थंड होता आणि इथे येऊन बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं, नाहीतर पंखा कण्हत असतो.

आम्ही अंगणात गेलो. गाडी चालू केली, एसी लावला, समोरच्या जाळीतून टॉर्च मारला. कंडेन्सरच्या बारीक पात्यांवर धुळीचा थर होता आणि त्या धुळीत कापसाचा तंतू गुंतून त्याची जणू बुरशी झाली होती. आमच्या पट्ट्यात हंगामात कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जातात. त्यांच्या मागे अडकलेल्या वाहनाच्या तोंडावर काय बसतं ते पाहायचं असेल तर कंडेन्सर पाहावा. पात्यांच्या एका कोपऱ्यात पांढरी खपलीही होती. पंखा फिरत होता, पण उशिरा सुरू होत होता आणि त्याला जोर नव्हता.

भाची : ही खपली कशाची?

मामा : क्षाराची. गाडी कुठल्या पाण्याने धुतेस?

भाची : जळगाव जामोदला बँकेच्या मागे बोअर आहे, तिथला मुलगा धुऊन देतो.

मामा : पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरचं पाणी शेताला चालत नाही, माणसाला चालत नाही. तू ते गरम ॲल्युमिनियमवर मारून राह्यली. पाणी उडतं, मीठ राहतं. क्लोराइड ॲल्युमिनियमला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं. आज तुझा गॅस गेलेला नसेल, पण असंच चाललं तर दोन वर्षांत खरोखर जाईल. मग डब्यामागून डबा भरत बसशील आणि तो हवेत जात राहील. कंडेन्सर धुवायला बादलीभर गोडं पाणी पुरतं. इंजिन गार झाल्यावर, साध्या धारेने, पाती न वाकवता. प्रेशर वॉशर जवळून मारला की पाती आडवी होतात आणि वाट कायमची बंद.

वऱ्हाडातल्या वाचकासाठी आणखी एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती मलाही त्या दिवशीच नीट कळली. गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून गॅस संपला, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. ते पाणी हवेतल्या ओलाव्याचं असतं. मुंबईत किंवा आपल्याकडे आषाढात ते धो धो पडतं. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की कूलिंग कॉइल थंडगार असूनही तिच्यावर फारसं काही साचत नाही. ठिबक थांबली हा बिघाडाचा पुरावा नव्हे. तसंच उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या बर्फासारखा वारा मागणं हाही एसीवर अन्याय आहे. आधी काचा उघडून कोंडलेली उष्णता बाहेर जाऊ द्यावी, मग बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबावं. बाहेरची चव्वेचाळीस अंशांची हवा सतत आत ओढत राहून थंडावा मागणाऱ्याला कितीही गॅस पुरणार नाही.

भाची : माझ्या गाडीचं कळलं. जाळी धुते, पंखा दाखवते. पण मामा, तुम्ही माझ्या गाडीपुरतं जिंकलात. मूळ प्रश्न तसाच आहे. ज्याचा गॅस खरंच कमी आहे त्याने काय करायचं? अकोला पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे एक दिवसाची रजा. आणि जवळचं दुकान अंदाजपंचे डबा लावणार असेल, तर तोच अंदाज मी का करू नये? मी निदान माझ्या गाडीची काळजी घेईन. ज्याच्या हातात हत्यार त्याचीच विद्या, बाकीच्यांनी पैसे मोजायचे, हे मला पटत नाही.

मामा : विद्या कुणाची मक्तेदारी नाही. मी ती जन्मभर वाटली. पण नळी उघडणं म्हणजे काय ते समजून घे. तुझ्या नळीत आत्ता हवा आहे. ती न काढता जोडलीस तर हवा आत जाते. हवेचा द्रव होत नाही, ती कंडेन्सरमध्ये बसून राहते आणि दाब वाढवते. हवेबरोबर ओलावा जातो. कॉम्प्रेसरमधलं पीएजी तेल ओलावा शोषून घ्यायला टपलेलं असतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि आतून गंज सुरू होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात त्याचा बर्फ झाला की थंडावा येतो-जातो, येतो-जातो. म्हणून नीट काम करणारा आधी उरलेला गॅस यंत्राने काढून घेतो, गळती शोधून दुरुस्त करतो, व्हॅक्यूम पंप लावून अर्धा-पाऊण तास नळ्या निर्वात करतो. २९ इंचांच्या व्हॅक्यूमला पाणी पंचवीस-सव्वीस अंशांनाच उकळून वाफ होतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात तर ते काम आणखी सोपं. मग पंप बंद करून काटा स्थिर राहतो का पाहतो, आणि स्टिकरवरचं वजन काट्यावर तोलून भरतो. यातलं एकही तुझ्या डब्याने होत नाही.

भाची : आणि यातलं एकही दुकानात होताना मी पाहिलेलं नाही.

मामा : काही ठिकाणी होते.

भाची : काही ठिकाणी! मला आणखी एक सांगा. जुना गॅस यंत्राने काढून घेतात म्हणालात. मी जे पाहिलं त्यात मुलाने पिन दाबली, फुस्स झालं, सगळा गॅस हवेत. मग साबणाचं पाणी लावलं, मग नवा भरला. तुम्हीच शिकवलंत की हा गॅस वातावरणाला किती वाईट.

मामा : वाईट तं आहेच. आधी आर-१२ होता. त्यातला क्लोरीन ओझोन खातो हे रोलंड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनची घट दिसली, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात आला. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, ओझोन वाचला. पण उष्णता धरून ठेवायला तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट जड.

भाची : म्हणजे माझा साडेचारशे ग्रॅमचा डबा हवेत गेला तर साधारण साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरभर पेट्रोलचा सव्वादोन-अडीच किलो धरला तर पावणेतीनशे लिटर पेट्रोल. माझ्या गाडीने नांदुरा ते मुंबई जाऊन-येऊन पाच फेऱ्या. बरोबर?

मामा : बरोबर.

भाची : मग आता तोला. मी घरी काहीही हवेत न सोडता शंभर ग्रॅमची भर घातली. चुकीची घातली असेल, पण हवेत काही गेलं नाही. दुकानाने आतला तीनशे ग्रॅम हवेत सोडला आणि नवा चारशे भरला. वातावरणाचं जास्त नुकसान कोणी केलं?

मामा यावर लगेच बोलले नाहीत. माझ्या मते हा मुद्दा बहिणीचा आहे आणि तो निर्विवाद आहे. घरी भरणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो, पण पिन दाबून गॅस उडवणाऱ्या दुकानाला कोणी काही म्हणत नाही, कारण तिथे लोखंडी स्टँडवर दोन गेज आणि तीन रंगांच्या नळ्या लटकलेल्या असतात. अमेरिकेतही हा गॅस मुद्दाम हवेत सोडायला १९९५ पासून बंदी आहे, मग सोडणारा धंद्यातला असो की घरचा. तिथे घरी भरायला मुभा आहे, पण २०१८ पासून लहान डब्यांना काढल्यावर आपोआप बंद होणारी झडप सक्तीची आहे, आणि कॅलिफोर्नियात डब्यावर अनामत घेतात, म्हणजे रिकामा डबा उरल्यासुरल्या गॅससह परत यावा. बहीण ज्या अमेरिकेचा दाखला देत होती तिथे डब्यामागे एवढं सगळं उभं आहे. तिच्या हातातल्या डब्याला साधं पत्र्याचं तोंड होतं. नळीच्या सुईने एकदा भोक पाडलं की अर्धा वापरून ठेवायची सोय नाही. उरलेला कुठे जाणार? हवेत. तेव्हा ‘शंभर ग्रॅमची भर’ हे तिचं गणित तिच्याच डब्याने मोडलं असतं. हे मी तिला सांगितलं आणि तिने मान्य केलं, पण दुकानाबद्दलचा तिचा सवाल त्यामुळे हलका होत नाही.

मामा : तू बरोबर बोलून राह्यली. गॅस काढून घ्यायचं यंत्र महाग आहे. दिवसाला दोन गाड्या येणाऱ्या दुकानाला ते परवडत नाही. म्हणून मी दुकानाला चोर म्हणणार नाही. पण पिन दाबून गॅस उडवणं हे काम नाही. २०१९ मध्ये केंद्राने कूलिंग ॲक्शन प्लॅन काढला, त्यात एक लाख तंत्रज्ञांना शिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं होतं. भारताने २०२१ मध्ये माँट्रियल कराराची किगाली दुरुस्ती मान्य केली. २०३२ पासून असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे, २०४७ पर्यंत ८५ टक्के. युरोपात नव्या गाड्यांना २०१७ पासून हा गॅस चालत नाही, तिथे आर-१२३४वायएफ आला. तो थोडा पेट घेणारा आहे, त्याची तोंडं वेगळी, त्याचं यंत्र वेगळं. इलेक्ट्रिक गाड्यांत तर कॉम्प्रेसरच विजेवर चालतो. त्यात साध्या गाडीचं पीएजी तेल गेलं तर विजेचं इन्सुलेशन बिघडतं, तिथे मोठ्या व्होल्टेजचा खेळ आहे. धंदा रोज अवघड होत चालला आणि तू म्हणतेस घरी करू.

भाची : अवघड होतोय म्हणूनच गिऱ्हाइकाला कळायला हवं. नाहीतर आम्ही नुसते पैसे देणारे.

मामा : कळावं, पण हात कुठवर घालायचा तेही कळावं. ही काय फक्त तुझी गोष्ट नाही. आर-१२ मिळेनासा झाला तेव्हा जुन्या मारुती ८०० मध्ये लोकांनी तेल न बदलता १३४ए भरला. आर-१२ बरोबरचं खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही, ते कॉम्प्रेसरकडे परतच येत नाही. कोरडा चालून कॉम्प्रेसर जाम. काहींनी तर स्वयंपाकाचा गॅस भरला. थंडावा आला, खरंच आला, प्रोपेन-ब्युटेन चांगले थंड करतात. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती गळली तर गॅस माणसांच्या पुढ्यात.

भाची : माझ्या डब्यावर आर-१३४ए लिहिलं आहे.

मामा : लिहिलं आहे. २०११ मध्ये जहाजावरच्या थंड कंटेनरांतही आर-१३४ए म्हणूनच गॅस भरला होता. त्यात भेसळ होती आर-४० ची, म्हणजे मिथाइल क्लोराइडची. ते ॲल्युमिनियमशी मिळून असा पदार्थ करतं की हवा लागताच पेटतो. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार गेले. ते काय घरी भरत नव्हते, धंद्यातलेच होते. डब्यावरचं नाव पाहून आत काय आहे ते कळत नाही. मोठ्या दुकानात गॅस ओळखायचं यंत्र असतं, तुझ्याकडे डोळे आहेत. आणि हा डबा गाडीच्या डिकीत ठेवून जळगाव जामोदला जाऊ नको. उन्हात उभ्या गाडीत साठ अंश सहज होतात, तेव्हा त्यातला दाब सव्वादोनशे पीएसआयच्या वर. डब्यावरच लिहिलं आहे, पन्नास अंशांच्या पुढे तापवू नये.

भाची : बरं. मग घरी काय करायचं ते सांगा. नुसतं करू नको, करू नको म्हणू नका.

मामा : बंद नळीच्या बाहेरचं सगळं तुझं. जाळी, पंखा, ब्लोअर, केबिन फिल्टर. हा फिल्टर किती जणांनी एकदाही काढून पाहिलेला नसतो, धुळीने चोंदला की वारा येईनासा होतो आणि दोष गॅसला. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ करून धरतो का ते ऐक. धरतच नसेल तर फ्यूज-रिले बघ, किंवा गॅस पार गेला असेल. टॉर्च घेऊन सगळे सांधे पाहा. गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि तेलावर धूळ बसते. जिथे ओलसर काळा डाग दिसेल तिथे गळती. फोटो काढून ठेव. दुकानात जाशील तेव्हा ‘गॅस भरा’ म्हणू नकोस, हा डाग दाखव. दुरुस्ती त्याची कर, मग गॅस.

भाची : आणि दुकानात समोर उभी राहू?

मामा : उभी राहा. वजनकाटा माग. व्हॅक्यूम पंप किती वेळ चालला ते घड्याळात बघ. किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घे. जुना गॅस कशात काढता, विचार. डब्यात गळती बुजवणारं औषध मिसळलेलं असेल तर घेऊ नको. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये घट्ट होतं आणि पुढच्या दुकानाचं यंत्रही बिघडवतं.

इथे माझं मत मांडतो. नळी उघडायची की नाही यात मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे. तोलल्याशिवाय गॅस भरणं घरी चूक आहे, आणि दुकानातही तितकंच चूक आहे. पण बहिणीचा राग मला मामांच्या ज्ञानाइतकाच मोलाचा वाटतो. दुकानदाराला काटा विकत घ्यायला लावायचं असेल तर काटा मागणारं गिऱ्हाईक हवं. वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप या तालुक्याच्या दुकानाच्या आवाक्याबाहेरच्या वस्तू नाहीत. गॅस परत घेणारं यंत्र महाग आहे, ते चार-पाच दुकानांनी मिळून घ्यावं किंवा आयटीआयमध्ये ठेवून दिवसाच्या भाड्याने द्यावं, असं मला वाटतं. दरवर्षी दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मुलं बाहेर पडतात. त्यांना वर्गात तोलून भरायला शिकवायचं आणि बाजारात अंदाजाने भरायला लावायचं, हे थांबायला हवं. आमच्या भागात ऊन काही कमी होणार नाही, गाड्या वाढतच जाणार.

भाची : मी आधी फोन करते. मलकापूर, खामगाव, मग अकोला. वजनकाटा आहे का, पंप आहे का, जुना गॅस कशात काढता. ‘डायरेक्ट गाडी आणा, भरून देतो’ म्हणाले की पुढचा नंबर.

मामा : आणि कोणीच धड बोललं नाही तं मले सांग. खामगावात माझ्याकडे शिकलेली दोन पोरं आहेत, काटा ठेवतात. पण आधी रविवारी पंखा खोलू. त्याचा रिले गेला असेल तर शंभर-दीडशे रुपयांत तुझा उन्हाळा निघते.